बैलांनी पारखलेले टायर

दुपारची भांडी पालथी पडली की काशम्मांच्या घरात अशी शांतता पसरे, की कोनाड्यातल्या घड्याळालाही आपण जरा जास्तच बोलतोय असं वाटावं. लेक नीलू झोपलेली, सासूबाई काशम्मा पडलेल्या, नवरा कचेरीत. सुनेनं स्वतःच्या मालकीचा म्हणावा असा दिवसातला हा एवढाच तुकडा. गिरिजा तेवढ्यात उशीखालचं मोटारीचं पुस्तक काढून वाचत असे. त्या दिवशी तिनं जेमतेम पान उलटलं आणि अंगणातून आवाज आला, "फुस्सऽऽ."

"स्टो विझला बघ," काशम्मा डोळे न उघडता म्हणाल्या.

"स्टो मी मघाशीच बंद केला, अत्ती."

"मग नाग असंल. शिव शिव."

नाग असता तर बरं झालं असतं, असं गिरिजाला अंगणात गेल्यावर वाटलं. पत्र्याच्या आडोशाला तिची मोटार उभी होती, आणि तिचा चौथा टायर जमिनीवर लोळत होता. पहिले तीन आधीच गेले होते. बॉनेटवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापड्या एका अंगाला घसरून गेल्या होत्या.

मोटार हिरवी, विलायती, दोनच माणसांची, आणि वजनाला इतकी हलकी की गल्लीत तिला कुणी मोटार म्हणतच नसे. म्हणत, 'गिरिजाचं खेळणं'. हे खेळणं तिच्या अप्पांचं. अक्कलकोटच्या रस्त्यावर त्यांनी तिला यातच गाडी शिकवली. अप्पा गेले, आणि थोरला भाऊ निंगप्पा यानं ठरवलं की गाडी नवी पेठेतल्या एका फोटो स्टुडिओला द्यायची. इंजिन काढून टाकायचं, मागं काश्मीरचा पडदा, आणि नवी जोडपी त्यात बसून फोटो काढणार. गिरिजानं माहेरी जाऊन असा काही आकांत केला की निंगप्पानं सुटका करून घेण्यासाठी एक अट घातली. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेच्या शेवटी होटगी रस्त्यावरच्या विमानतळावर जुन्या मोटारींची शर्यत होती. "तिथं तीन फेऱ्या स्वतःच्या चाकावर पुऱ्या कर. कुणी ढकलायचं नाही. केल्यास तर गाडी तुझी. नाहीतर स्टुडिओची." तो हे इतक्या मोठ्या मनानं बोलला, कारण तेव्हा तीन टायर बसलेले त्यानं पाहिले होते.

"करते," गिरिजा म्हणाली होती.

आता चौथाही बसला.

शेजारी कुणाचा टायर बसला आणि आबासाहेबांना कळलं नाही, असं होत नसे. आबासाहेब निवृत्त ओव्हरसियर. नोकरीत असताना त्यांनी रस्ते बांधले, म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर आपला हक्क आहे असं ते मानत. भिंतीवरून त्यांची टोपी वर आली.

"सूनबाई, ऐका माझं. टायर घेऊच नका. आहेत त्यात लाकडाचा भुसा ठासा. भुशाला भोक पडत नाही."

"पण आबासाहेब, पळायला हवी ना गाडी."

"पळायला?" आबासाहेबांनी गाडीकडं पाहिलं, मग गिरिजाकडं. "मग थोडा कमी ठासा."

गिरिजानं भुसा आणला नाही. परकराची एक नाडी घेतली, चाकाच्या धावेवर आडवी धरून एका टोकाला एक गाठ, दुसऱ्या टोकाला दुसरी गाठ मारली, आणि नीलूला कडेवर घेऊन टायरचं दुकान गाठलं. दुकानदारानं नाडीकडं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, आणि मग व्यवसायाला जागून पट्टीवर धरली.

"एकोणीस इंच. हा तर बैलगाडीचा."

"मोटारीचा आहे."

"अहो ताई, आता मोटारी लहान चाकांच्या आल्या. एकोणीस म्हणजे रबरी चाकाची बैलगाडी. लई मजबूत माल. गाडीभर ऊस घाला, वर पाव्हणे बसवा, टायर हूं का चूं करत न्हाय."

मजबूत हा शब्द गिरिजाला आवडला. मध्यमवर्गात मजबूत या शब्दापुढं कुणाचं काही चालत नाही. स्टीलचा डबा, नवऱ्याची चप्पल, मुलीसाठी स्थळ, सगळं आपण आधी मजबूत आहे का तेवढंच पाहतो. तिनं चार टायर मागितले. पण त्या वर्षी टायरची टंचाई होती, आणि बैलगाडीच्या टायरला पुरवठा कचेरीचा परवाना लागत होता.

कचेरीतल्या कारकुनानं तिचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. ही धोक्याची खूण असते हे तिला नंतर कळलं.

"एकोणीसचा टायर मोटारीच्या यादीत नाही," तो म्हणाला.

"पण माझी मोटार आहे."

"मग मोटारीचा टायर घ्या."

"त्या मापाचा मिळत नाही."

"मग ती मोटार नाही. बैल किती?"

गिरिजाला खोटं बोलता येत नसे. "अजून एकही नाही," ती म्हणाली.

त्या 'अजून'नं कारकून विरघळला. "आणा ना मग. गाडीला जुंपून दाखवा. आमचे साहेब घरी येऊन बघतील, परवाना घेऊन जा."

नशीब असं, की यात्रेतल्या जनावरांच्या बाजारासाठी काशम्मांचे भाऊ तिप्पण्णामामा वैरागहून आपली खिलारी जोडी विकायला घेऊन आले होते. बैलांची नावं मामलेदार आणि सरपंच. मामांनी आयुष्यात या दोन्ही हुद्द्यांच्या माणसांकडून सोसलं होतं, आणि आता दोघांना रोज सकाळी चाबूक दाखवताना त्यांना बरं वाटे.

"माझं बैल त्या डबीला जुंपायचं?" मामा हबकून म्हणाले. "बाजारात कुनी बघितलं तर काय म्हनतील?"

"तिपू, सुनेचं काम हाय," काशम्मांनी निकाल दिला. "जुंप."

दोराची गाठ पुढच्या आसाला मारली, वर जू ठेवलं. साहेब आले. गिरिजा स्टिअरिंगशी बसली. शेजारची जागा रिकामी दिसणं शोभत नाही, म्हणून काशम्मा नीलूला मांडीवर घेऊन बसल्या. मामा पुढं झाले आणि ओरडले, "हो मामलेदार! हाल की मेल्या!"

साहेब दचकले. "कुणाला म्हणालात?"

"बैलाला जी. नाव हाय त्ये साहेब, हुद्दा न्हाय."

गाडी निघाली. मागं गल्ली निघाली. हळद लावायला बसवलेली एक नवरीसुद्धा उठून दारात आली. आणि बरोबर याच वेळी गिरिजाचा नवरा बसवराज, विमा कचेरीतला सज्जन, पापभीरू माणूस, कोपऱ्यावरून सायकलनं वळला. समोरून बैल येत होते. बैलांच्या मागं सासऱ्यांची मोटार, मोटारीत आई, बायको आणि मुलगी. नीलू त्याला पाहून हात हलवत होती. तो सायकलवरून उतरला, टोपी नीट केली, आणि शक्य तेवढ्या भारदस्त आवाजात म्हणाला, "गिरिजा, हे काय?"

"सरकारी काम आहे," गिरिजा म्हणाली.

यावर नोकरदार माणसाला बोलता येत नाही. तो सायकल हातात धरून मिरवणुकीत सामील झाला. साहेबांनी 'बैल सशक्त, गाडी लहान' असा शेरा मारून परवाना दिला.

टायर आले. ते इतके जाड होते की आधी चारही मडगार्ड काढावी लागली. मग बसवराजनं आणि तिनं मिळून ते चढवले. चढवून झाल्यावर गाडी अशी दिसू लागली, की एखाद्या सडपातळ मुलीनं वडलांचे बूट घातलेत. पण मजबूत! आबासाहेबांनी भिंतीवरून उतरून प्रत्येक टायरला लाथ मारून पाहिली, आणि चौथ्या लाथेनंतर लंगडत परत गेले.

रविवारी सकाळी सगळे विमानतळावर सरावाला गेले. विमानं तिथं क्वचितच येत. म्हशी नियमानं येत. गिरिजानं पदर खोचला, गाडी सुरू केली, आणि सरळ धावपट्टीवर ती खरंच पळाली. उडत, टणटणत, पण पळाली. मग वळण आलं. गिरिजानं स्टिअरिंग वळवलं. चाकं वळली. गाडी मात्र वळली नाही. ती आपली नाकासमोर, सरळमार्गी, कुंपणाच्या तुटक्या भागातून पलीकडच्या ज्वारीत गेली.

ज्वारीत पाचसात माणसं हुरडा भाजत बसली होती. एवढी मोटार अंगावर येऊनही त्यांच्यातला मालक उठला नाही. "या बाई," तो म्हणाला. "आदी हुरडा खावा. मग गाडी काडू. ती कुटं जातीय आता?"

नीलूला विचारलं असतं तर टायरची ही परीक्षा अत्यंत यशस्वी झाली होती.

"वजन कमी पडतंय," आबासाहेब म्हणाले. "पोती टाका." ज्वारीची पोती टाकली. आता गाडी वळायला लागली, पण पळायची थांबली. मागून आलेल्या एका म्हशीनं तिला गाठलं, थोडी वाट पाहिली आणि ओलांडून गेली. गाडीला आता बैलगाडी म्हणायला कुणाचीच हरकत नव्हती. परवाना तर होताच.

त्या दिवशी घरी आल्यावर गिरिजा स्वयंपाकघरात येऊन बसली. निंगप्पाचा निरोप येऊन पडला होता: स्टुडिओवाला शर्यतीच्या दिवशीच टेम्पो घेऊन येणार आहे, वेळ कशाला घालवायचा. समोर नीलू कडक भाकरीचा तुकडा चावत होती. म्हणजे चावायचा प्रयत्न करत होती. दुधाचे दात त्या तुकड्यावरून घसरत होते. तुकडा जसाच्या तसा. मग बसवराजनं तोच तुकडा तोंडात टाकला आणि कर्रकन मोडला.

गिरिजा बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "तो टायर कडक भाकरी आहे."

"कुठला?"

"त्याच्यावर गाडीभर ऊस पडला की तो जरा दबतो, मग रस्ता धरतो. आपली गाडी म्हणजे नीलूचे दात. ती त्याच्यावर नुसती उभी राहते. आपल्याला मऊ भाकरी पाहिजे. हलक्या गाडीखालीसुद्धा दबेल अशी."

बसवराजनं तोंडातला घास गिळला. विम्याच्या कागदांत असलं काही नसतं. "मग शोधू या मऊ," तो म्हणाला. गिरिजाला त्या क्षणी त्याच्याबद्दल इतकी माया वाटली, की तिनं त्याला उरलेली कडक भाकरीही दिली.

मऊ शोधणं सोपं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून गिरिजा नाडी घेऊन गावात फिरू लागली. टांगा, हातगाडी, दूधवाल्याची सायकल. ज्याला चाक आहे त्याला ती नाडी लावून बघे आणि रबरात नख रुतवे, वांगं कोवळं आहे का पाहतात तसं. नवी पेठेत एका कापडदुकानापुढं बुलेट उभी होती. नाडी लावली. गाठीला गाठ! एकोणीस! अंगठ्याचं नख दाबलं, तर रबरात चंद्रकोर उमटली. ती हरखून दुसऱ्या चाकाशी बसली, तेवढ्यात तिच्यापुढं दोन तांबडे बूट येऊन उभे राहिले. बुलेट फौजदारांची होती.

"काय करताय, बाई?"

"टायर बघतेय."

"परकराच्या नाडीनं?"

भर बाजारात, पाच दुकानदारांच्या देखत, वर्दीतल्या माणसाच्या तोंडून हा शब्द ऐकल्यावर दुसरी कुणी धरणीत गेली असती. गिरिजाही जाणार होती. पण शर्यत जवळ आली होती. धरणीत जायला वेळ नव्हता. ती उठून उभी राहिली. "साहेब, तुमचा टायर वळणावर सटकतो का?"

फौजदार गोंधळले. गुन्हेगारांनी उलट प्रश्न विचारायची त्यांना सवय नव्हती. "नाही," ते म्हणाले. "चांगला आहे. मऊ आहे, झिजतो फार."

"झिजू दे," गिरिजा म्हणाली आणि निघाली.

तीन फेऱ्या तर पळायचं होतं. जन्मभर टिकेल असं काही आपल्याला या वेळी नकोच आहे, हे तिच्या मनात आलं आणि तिला उगाचच हलकं वाटलं.

बुलेटच्या टायरला परवाना लागत नव्हता. पण त्यात दोन जाती निघाल्या. पुढच्या चाकाचा टायर सरळ रेघांचा, मागच्या चाकाचा ठोकळ्याठोकळ्यांचा. दुकानदारानं दोन्हींचे चार-चार काढून दिले. न लागतील ते परत करा म्हणाला. घरी दोन पक्ष पडले. आबासाहेब ठोकळ्यांचे. "खाच जास्त, पकड जास्त. रस्त्यात आयुष्य गेलं माझं." बसवराज आबासाहेबांच्या वयाचा मान ठेवून ठोकळ्यांचा. काशम्मा रेघांच्या, कारण ते पुसायला सोपे. गिरिजाला कुठलंच पटत नव्हतं. ठोकळे चिखलात रुततील. पण धावपट्टी सिमेंटची. बरं, पुन्हा विमानतळावर जाऊन बघावं, तर पुन्हा ज्वारीत जायची तयारी हवी. आणि हुरड्याचा मालक दर वेळी तेवढाच चांगला वागेल असं नाही.

या विचारात ती मामांची भाकरी घेऊन जनावरांच्या बाजारात गेली. तिथं रिवाजाप्रमाणं बैलांची पारख चालली होती. गाडीची चाकं दोरानं जखडून बांधायची, म्हणजे ती फिरत नाहीत. मग बैलांनी ती गाडी फरफटत ओढून दाखवायची. जी जोडी ओढेल ती खरी. गिरिजा भाकरीचं फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. माणसं बैल पारखत होती. पण बैल माहीत असले, तर त्यांच्याकडून टायर पारखता येतील?

"मामा," ती म्हणाली, "मामलेदार आणि सरपंच जरा पाहिजेत."

"पुन्यांदा?"

"आजच्या दिवस."

बाजाराच्या कडेला सिमेंटचा रस्ता होता. मोटार आली. तिला अजून बैलगाडीचेच टायर होते. चारी चाकं आऱ्यांतून दोर घालून जखडली. बैल जुंपले. जोडीनं मान खाली घातली, आणि मोटार रिकाम्या डब्यासारखी खडखडत मागं निघाली. लोक हसले. मामाही खुशीत होते, कारण एक धोतरवाला गिऱ्हाईक थांबून जोडीकडं बघू लागला होता.

मग ठोकळ्यांचे चढवले. टायर काढण्या-घालण्यात बसवराजचे हात कोपरापर्यंत काळे झाले. या वेळी बैल फुरफुरले, खुरं घसरली, पण गाडी हलली.

मग रेघांचे. बैलांनी मान घातली. दोर ताणला. गाडी हलेना. मामलेदारानं पुन्हा जोर लावला. सरपंचानं जोर लावल्यासारखं केलं. गाडी जागची हलेना. शेवटी दोन्ही बैलांनी एकदमच मान वळवून मागं त्या एवढ्याशा हिरव्या डबीकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं, त्याला अपमान याखेरीज दुसरा शब्द नाही.

"सापडला!" गिरिजा ओरडली.

धोतरवाला गिऱ्हाईक मात्र मान हलवत निघाला. "दोन मानसांची मोटार वडंना," तो जाता जाता म्हणाला. "उसाची गाडी काय वडत्याल!"

मामा रस्त्याच्या कडेला मटकन बसले. तासाभरात सगळ्या बाजारात झालं: वैरागच्या तिप्पण्णाची जोडी एका बाईच्या डबीपुढं बसली. गिरिजा त्यांच्यापुढं उकिडवी बसली. तिला खरंच वाईट वाटत होतं. "मामा, चूक झाली. बैलांची नाही. टायरच तसा आहे."

"त्ये मला कळतंय गं. बाजाराला कुटं कळतंय?" मामांनी उठून धोतर झटकलं. "शर्यत कवा हाय?"

"उद्या."

"मी येतो. त्या गिऱ्हाइकाला बी वडत आनतो. ज्या टायरनं माझं बैल हरवलं, त्यो उद्या हरला, तर मी वैरागला तोंड कसं दावू?"

अशा रीतीनं अप्पांच्या गाडीबरोबर आता मामांच्या जोडीची अब्रूही गिरिजाच्या पदरात पडली. तिनं तो पदर सकाळी दोन पिना जास्त लावून खोचला.

विमानतळावर निम्मं सोलापूर लोटलं होतं. लांबलचक, चकचकीत मोटारी आल्या होत्या. त्यांच्या शेजारी चार बारीक चाकांवर उभी असलेली हिरवी गाडी पाहून कुणीतरी ओरडलं, "अरं, सायकलीला बाळ झालं!" निंगप्पा पुढच्या रांगेत छत्री घेऊन उभा होता. त्याच्या मागं स्टुडिओवाल्याचा टेम्पो, दोर आणि गाद्यांसकट.

झेंडा पडला. सरळ रस्त्यावर सगळे गिरिजाच्या पुढं गेले. सगळे म्हणजे सगळे. मामांनी डोळे मिटले. मग पिंपं मांडलेलं वळण आलं, आणि मोठ्या गाड्या एकामागून एक वेग कमी करून, किंचाळत, रुंद वळसे घेऊ लागल्या. एक तर सरळ पिंपांत घुसली. गिरिजानं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलाच नाही.  ज्वारी दिसत होती, हुरड्याचा मालक उभा राहून बघतानाही दिसला. तिनं स्टिअरिंग वळवलं. चाकं वळली. आणि गाडी वळली! रस्त्याला चिकटून, आतल्या अंगानं, सोलापुरी चादरीची घडी घालावी तशी सफाईनं. वळणावर दोन गाड्या मागं पडल्या. सरळ रस्त्यावर त्या पुन्हा पुढं गेल्या. पुढच्या वळणावर पुन्हा मागं पडल्या.

"वळणावर बघा! वळणावर!" आबासाहेब ओरडत होते. "मी सांगितलं होतं, रेघांचे घ्या!"

तिसऱ्या फेरीला इंजिनातून वाफ येऊ लागली. रेडिएटर खवळला होता. "थांबव गं!" बसवराज काठावरून धावत होता. गिरिजाला ऐकू आलं, पण तिनं ऐकलं नाही. वाफेतून पुढचं दिसेना, तेव्हा ती बाहेर झुकून धावपट्टीची पांढरी रेघ बघत गाडी हाकू लागली. हळू, आणखी हळू. पण आपल्या चाकावर. शेवटची रेषा ओलांडली आणि गाडी एक उचकी देऊन बंद पडली. तिच्या मागून फक्त दोन मोटारी यायच्या होत्या, आणि एक पिंपांत होती.

मामांनी धोतरवाल्या गिऱ्हाइकाचा दंड असा धरला होता, की तो सुटायला बघत होता. "बघितलंस? ह्या टायरला माझ्या बैलांनी दोर ताणून धरला व्हता! तुजी जोडी आन, लाव!" गिऱ्हाईक म्हणाला, सोडा मामा, घेतो की.

निंगप्पा आला. गरम बॉनेटवर त्यानं हात ठेवला, चटका बसला तरी जरा वेळ काढला नाही. "अप्पांना शेवटचं वळण आवडलं असतं," तो म्हणाला. मग टेम्पोवाल्याकडं वळून खेकसला, "काय बघतोस? गाद्या उचल, जा."

बसवराज धापा टाकत आला आणि कडेवरच्या नीलूला त्यानं गिरिजाच्या मांडीवर ठेवलं.  गिरिजाचे केस सुटलेले, तोंडावर तेलाचा फराटा. तिनं नीलूला छातीशी घट्ट धरलं. आयुष्यात इतकं हलकं, इतकं मोकळं तिला कधीच वाटलं नव्हतं. चौफेर लोक टाळ्या वाजवत होते. नीलूनं आईच्या गालावरचं तेल बोटानं पुसलं, लांबवर गेलेल्या त्या धावपट्टीकडं पाहिलं, पुन्हा आईकडं पाहिलं. कपाळाला आठ्या घालून तिनं विचारलं,

"आई, तू एवढी जोरात निघाली होतीस, तर मग फिरून परत इथंच का आलीस?"